दोर भिजायला लागलेली चार मिनिटं

६ मे १९३७, संध्याकाळचे ७ वाजून २१ मिनिटं. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या लेकहर्स्टच्या नौदल तळावर ‘हिंडेनबर्ग’ या जर्मन झेपेलिनच्या, म्हणजे हलक्या वायूवर तरंगणाऱ्या प्रचंड वायुनौकेच्या, नाकाडातून दोन जाड दोर खाली सोडले गेले. दोर आत गुंडाळून ठेवलेले होते, म्हणजे कोरडे. बाहेर पावसाची भुरभुर चालू होती. खाली चिखलात उभ्या असलेल्या माणसांनी दोर पकडले. ७ वाजून २५ मिनिटांनी शेपटीच्या वरच्या बाजूला ज्वाळा दिसली आणि पुढच्या अर्ध्या मिनिटात, फार तर चाळीस सेकंदांत, जगातल्या सगळ्यात मोठ्या उडत्या प्रवासी जहाजाचा नुसता सांगाडा उरला.

ते छायाचित्र आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. निवेदकाचा रडवेला आवाजही अनेकांनी ऐकलेला असतो. (शिकागोच्या नभोवाणीचे हर्बर्ट मॉरिसन ते वर्णन तबकडीवर मुद्रित करत होते. लोकांच्या कानावर ते दुसऱ्या दिवशी पडलं, थेट प्रक्षेपण नव्हतं.) पण छायाचित्रात येते ती आग. त्या आधीचा अख्खा दिवस त्यात येत नाही. तो दिवस हवामानाचा होता: समोरचा वारा, गडगडाट, थांबणं, मग घाई, ऐन वेळी फिरलेला वारा आणि भिजलेले दोर. माझ्या मते हिंडेनबर्गचं प्रकरण आधी उतरण्याचं आहे, मग आगीचं. म्हणून इथे मी ते त्याच क्रमाने मांडतो आहे.

जहाज

हिंडेनबर्गची लांबी २४५ मीटर. मुंबईची बारा डब्यांची लोकल फलाटाला लागते तेव्हा जेवढी जागा व्यापते, जवळपास तेवढी. जाडी ४१ मीटर, म्हणजे तेरा-चौदा मजली इमारत आडवी पोटात बसेल एवढी. आत ड्युरॅल्युमिन या हलक्या धातूच्या कड्या आणि तुळया, त्यांच्यामध्ये वायूच्या १६ प्रचंड पिशव्या, आणि बाहेरून ताणून बांधलेलं सुती कापड. त्या कापडावर ॲल्युमिनियमची भुकटी मिसळलेलं रोगण चढवलेलं. पिशव्यांत २ लाख घनमीटर हायड्रोजन.

हे जहाज हीलियमसाठी आखलेलं होतं. हीलियम जळत नाही. पण तेव्हा तो मोठ्या प्रमाणात फक्त अमेरिकेकडे होता आणि १९२७च्या कायद्याने त्याच्या निर्यातीला लगाम घातलेला होता. मग जर्मनांनी हायड्रोजन भरला. तो स्वस्त, जास्त उचलणारा आणि त्यांच्या चांगल्या ओळखीचा. ही ओळख पोकळ नव्हती. जर्मन झेपेलिनांनी १९१०पासून पैसे घेऊन प्रवासी नेले होते आणि त्यातला एकही प्रवासी अपघातात गेला नव्हता. ‘ग्राफ झेपेलिन’ने १९२८पासून दहा लाख मैलांच्या वर उड्डाण केलं होतं, जगप्रदक्षिणा केली होती. हिंडेनबर्गनेही १९३६च्या एका हंगामात अमेरिकेच्या दहा आणि ब्राझीलच्या सात फेऱ्या सुखरूप केल्या होत्या. प्रवाशांकडून काड्यापेट्या आणि लायटर चढतानाच काढून घेत. जहाजावर धूम्रपानाची खोली होती, पण तिला दुहेरी दारं होती, आतला हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त ठेवलेला असे आणि पेटवायला विजेवर चालणारं एकच साधन. या लोकांनी धोका हलका घेतला असं म्हणणं अन्यायाचं होईल. त्यांनी धोक्यासोबत राहायची शिस्त लावून घेतली होती, आणि सत्तावीस वर्षं ती शिस्त पुरली होती.

हायड्रोजनची अडचण आपण समजतो त्याहून थोडी वेगळी आहे. पिशवीत शुद्ध असेपर्यंत तो पेटत नाही, कारण जळायला हवा लागते. हवेत मिसळला की मात्र ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत कुठल्याही प्रमाणात तो पेट घेतो, आणि त्याला ठिणगीही अगदी बारीक पुरते. झेपेलिनांवर त्याआधी विजा पडलेल्या होत्या आणि जहाजं शाबूत राहिली होती, कारण वायू पिशव्यांत होता. तेव्हा या प्रकरणात दोन वेगळे प्रश्न आहेत. वायू बाहेर कसा आला? आणि ठिणगी कुठून आली? दोन्हींची उत्तरं शोधताना आपण हवामानापाशीच येऊन पोचतो.

उशीर

३ मेच्या संध्याकाळी हिंडेनबर्ग फ्रँकफुर्टहून निघालं. ३६ प्रवासी आणि ६१ कर्मचारी, एकूण ९७ माणसं. कर्मचारी एवढे, कारण पुढच्या जहाजासाठी तयार होणारे शिकाऊ लोकही सोबत होते. कप्तान माक्स प्रुस. एर्न्स्ट लेमान हे त्यांचे वरिष्ठ निरीक्षक म्हणून आलेले, हुकूम मात्र प्रुस यांचा.

अटलांटिकवर सगळी वाट समोरून वारा होता. ६ मेच्या सकाळी सहाला उतरायचं ते संध्याकाळी सहावर गेलं. आजच्या प्रवाशाला बारा तासांचा उशीर म्हणजे एका रात्रीची गैरसोय. इथे मात्र त्या बारा तासांत वेळापत्रकाची सगळी सैल दोरी संपली. जहाज त्याच रात्री परत फिरायचं होतं. येताना निम्मं रिकामं आलेलं जहाज जाताना गच्च भरलेलं असणार होतं, कारण १२ मे रोजी लंडनला सहाव्या जॉर्ज राजाचा राज्याभिषेक होता आणि त्यासाठी निघालेल्या लोकांनी तिकिटं काढून ठेवली होती. ही माणसं सामानासह लेकहर्स्टला येऊन थांबलेली. इंधन भरायचं, वायू भरायचा, पाणी भरायचं, साफसफाई, शिधा, सगळं काही तासांत.

दुपारी तीनच्या सुमारास जहाज न्यूयॉर्कवरून गेलं. लोक गच्च्यांवर आले, रस्त्यांवर गाड्या थांबल्या. चारच्या सुमारास ते लेकहर्स्टवर पोचलं आणि पश्चिमेकडे आभाळ काळं झालेलं दिसलं. गडगडाटी वादळ तळाकडे सरकत होतं. प्रुस यांनी उतरायचं टाळलं आणि जहाज किनाऱ्याकडे वळवून अटलांटिक सिटीच्या बाजूला नेलं. हा निर्णय अगदी योग्य होता, आणि नंतरच्या चर्चेत त्याची आठवण फारशी कुणी ठेवत नाही. उशीर झालेला असूनही ते थांबले. तीन तास थांबले.

खाली दोनशेच्या वर माणसं दोर धरायला जमवलेली. काही नौदलाचे शिपाई, बाकी आसपासच्या गावांतून तासावर पैसे घेऊन आलेले लोक. पाच वाजल्यापासून ते मैदानात, आणि मधल्या सरीत सगळे चिंब झालेले.

तळाचे प्रमुख कमांडर चार्ल्स रोझेंडाल हे अमेरिकेतले या विषयातले सगळ्यात जाणते अधिकारी. सहा वाजून १२ मिनिटांनी त्यांनी संदेश पाठवला की परिस्थिती उतरण्याजोगी आहे, दोर धरणारे तयार आहेत. त्याच संदेशात पुढे होतं: तळावर गडगडाट, वायव्य-पश्चिमेचा वारा, मधूनच जोराचे झोत. दहा मिनिटांनी दुसरा संदेश: आता उतरा असं सुचवतो. आणि सात वाजून ८ मिनिटांनी तिसरा: परिस्थिती नक्की सुधारली आहे, शक्य तितक्या लवकर उतरा.

मे महिन्यातली वळवाची संध्याकाळ आपल्याला सांगायला नको. दुपारभर घुसमट, मग एका दिशेने धुळीचा लोट, थेंब, कडकडाट. पाऊस पुढे सरकतो, अंगणात गारवा येतो, आपण खिडक्या उघडतो आणि म्हणतो, झालं, गेला. पण गेलेला असतो तो पाऊस. वारा अजून कुठे बसायचं ते ठरवत असतो. आत्ता पूर्वेकडून, पाच मिनिटांनी नैर्ऋत्येकडून. जमिनीलगतच्या हवेतला आणि वरच्या ढगातला विद्युतभारही लगेच ओसरत नाही. माणसाला याचा काही त्रास नाही, गच्चीवर वाळत घातलेले पापड तेवढे भिजतात. पण २४५ मीटर लांबीची, हवेपेक्षा हलकी वस्तू जमिनीला टेकवायची असेल तर सगळ्यात अवघड वेळ तीच.

शेवटची सतरा मिनिटं

झेपेलिन विमानासारखं उतरत नाही. विमानाला वेग असतो, म्हणून पंख आणि सुकाणू शेवटपर्यंत काम करतात. झेपेलिनला मैदानावर आल्यावर जवळजवळ थांबावं लागतं, आणि थांबलं की शेपटीवरच्या सुकाणूंचा उपयोग संपतो. मग ते तरंगतं ते फक्त वजनाच्या हिशेबावर. पुढे किती भार, मागे किती, किती वायू सोडला, तोलासाठी सोबत घेतलेलं किती पाणी टाकलं. वर आवरणावर पाऊस पडलेला असेल तर त्या ओलीचं वजन वेगळं. अशा वेळी वारा नाकावर घ्यावा लागतो. आडव्या बाजूने आला तर जहाज एखाद्या शिडासारखं वाहून जातं.

७ वाजून ९ मिनिटांनी जहाज तळावर आलं तेव्हा दोर धरणारे अजून जागेवर नव्हते. प्रुस यांनी वेगातच डावीकडे मोठं वळण घेतलं. ७ वाजून ११ मिनिटांनी ते परत मैदानाकडे वळले आणि वायू सोडून उंची कमी करू लागले. ७ वाजून १४ मिनिटांनी वेग कमी केला. आणि ७ वाजून १७ मिनिटांनी वारा फिरला. पूर्वेचा होता तो नैर्ऋत्येचा झाला.

इथे जरा थांबायला हवं. नाक वाऱ्याकडे आणि जहाज ज्याला बांधायचं त्या मनोऱ्याकडे एकाच वेळी ठेवायचं तर दोन मार्ग होते. एक, पुन्हा मोठा फेरा मारून नव्या दिशेने शांतपणे यायचं. दुसरा, तिथल्या तिथे वळायचं. प्रुस यांनी दुसरा घेतला. डावीकडच्या वळणानंतर लगेच उजवीकडे, म्हणजे इंग्रजी एस अक्षरासारखी वाट. जहाजाला वेग कमी, वळण घट्ट.

पुढच्याच मिनिटात एक गोष्ट लक्षात आली. शेपूट जड होती. हिंडेनबर्ग सपाट राहत नव्हतं. पुढच्या पिशव्यांतला वायू सोडला. मागचं पाणी टाकलं: आधी ३०० किलो, मग पुन्हा ३००, मग ५००. एक टनाहून जास्त पाणी गेलं तरी शेपूट वर येईना. मग सहा माणसांना जहाजाच्या नाकाकडे पळत जायला सांगितलं, त्यांच्या वजनाने तरी तोल यावा म्हणून. त्यांच्यातले काही जण पुन्हा घरी गेले नाहीत. एका पिशवीतून वायू झिरपत होता आणि ती शेपटीजवळची होती, असं मानायला सगळ्यात भक्कम आधार हाच आहे. जहाजच ते सांगत होतं. पण पाऊस पडून गेलेला, आवरण ओलं, इंधन खर्ची पडलेलं, भार सगळीकडे हललेला. त्या क्षणी शेपूट जड असायला दुसरी दहा साधी कारणं सुचत असणार. मला इथे नियंत्रण कक्षातल्या माणसांना दोष द्यावासा वाटत नाही. ज्या हवेत कुठलंच वजन नेहमीसारखं लागत नाही, त्या हवेत एक वजन चुकीचं आहे हे ओळखायचं कसं?

७ वाजून २१ मिनिटांनी, सुमारे ९० मीटर उंचीवरून दोर सुटले. आधी उजवा, मग डावा. ही उंचावरून उतरण्याची पद्धत होती. यात जहाज वरच ठेवून दोर खाली सोडायचे, ते यंत्राच्या रहाटाला जोडून जहाज हळूहळू मनोऱ्याकडे ओढायचं. जर्मन पद्धत वेगळी, जहाज थेट जमिनीलगत आणून माणसांच्या हाती द्यायची. तिला माणसं जास्त लागतात, पण वेळ कमी. उंचावरून उतरताना दोर काही मिनिटं हवेत आणि जमिनीवर असे दोन्हीकडे राहतात.

डावा दोर रहाटाला लागला आणि ताणला गेला. उजवा अजून हातांतच होता. पाऊस भुरभुरत होता.

एक, दोन, तीन, चार मिनिटं.

आत

वेर्नर फ्रांत्स हा जहाजावरचा सगळ्यात लहान कर्मचारी. वय १४. अधिकाऱ्यांच्या जेवणघरात तो कपबशा कपाटात लावत होता. धक्का बसला, भांडी खाली आली. बाहेर मधल्या लांब वाटेवर आला तर शेपटीच्या बाजूने ज्वाळांचा गोळा त्याच्याकडे येताना दिसला. जहाज मागे झुकलेलं, पायाखालची जमीन तिरपी. तेवढ्यात वरची पाण्याची टाकी फुटली आणि सगळं पाणी त्याच्या अंगावर ओतलं गेलं. त्या गार पाण्याने तो भानावर आला. शिधा चढवायचं एक झाकण जवळच होतं. त्याने ते लाथेने उघडलं, जमीन पुरेशी जवळ येईपर्यंत दम धरला आणि उडी टाकली. वारा ज्वाळा ज्या बाजूला लोटत होता, त्याच्या उलट दिशेला तो पळाला. अंगावर एकही भाजल्याची जखम नाही. दुसऱ्या दिवशी तो परत सांगाड्यापाशी गेला आणि राखेत शोधून आजोबांचं खिशातलं घड्याळ घेऊन आला.

तोल सावरायला वाहून नेलेलं पाणी त्या मुलाच्या जिवावर छत्र धरून गेलं. ही गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा बराच वेळ पुढचं पान उलटता आलं नाही.

९७ पैकी ६२ जण वाचले. चित्र पाहून हे खरं वाटत नाही, पण हायड्रोजन हलका, त्याच्या ज्वाळा वर जातात, आणि प्रवाशांच्या खोल्या जहाजाच्या पोटात खालच्या बाजूला होत्या. शेपूट आधी कोसळली, मग पुढचा भाग खाली आला, तेव्हा उघड्या खिडक्यांतून अनेकांनी उड्या मारल्या. १३ प्रवासी आणि २२ कर्मचारी गेले, शिवाय जमिनीवर दोर धरणारा एक जण. लेमान दुसऱ्या दिवशी इस्पितळात गेले. प्रुस भयंकर भाजले, पण जगले.

चौकशी

अमेरिकेच्या वाणिज्य खात्याने चौकशी केली, जर्मनीनेही आपलं पथक पाठवलं. त्याचे प्रमुख ह्यूगो एकेनर. झेपेलिनच्या जगात त्यांच्या शब्दाएवढं वजन कुणाच्याच शब्दाला नव्हतं. अपघाताची बातमी त्यांना ऑस्ट्रियातल्या ग्राट्समध्ये रात्री फोनवर मिळाली. पहिल्या झटक्यात त्यांनीही घातपाताची शक्यता बोलून दाखवली, पण लेकहर्स्टला जाऊन साक्षी ऐकल्यावर ते त्यावर राहिले नाहीत. घातपाताचा पुरावा दोन्ही चौकशांना सापडला नाही. प्रुस आणि रोझेंडाल मात्र शेवटपर्यंत घातपाताच्याच मताचे होते. ज्या माणसाच्या हातात जहाज होतं आणि ज्या माणसाने ‘उतरा’ म्हटलं होतं, त्या दोघांना दुसरं कुठलं उत्तर मानवलं असतं?

एकेनर यांनी साक्षीत जे मांडलं ते असं. शेवटच्या तीव्र वळणात सांगाड्यावर जास्त ताण आला. आतल्या आडव्या-उभ्या तारांपैकी एखादी तुटली आणि तिच्या टोकाने शेपटीजवळची पिशवी फाडली. वायू वर जाऊन पिशवी आणि आवरण यांच्यामध्ये हवेत मिसळला. शेपटीच्या वरच्या सुकाणूच्या पुढे आवरणाचं कापड फडफडताना पाहिल्याचं दोर धरणाऱ्यांपैकी एकाने सांगितलं होतं, जणू आतून काहीतरी त्याला ढकलत होतं. शेपूट जड असणंही याच्याशी जुळतं.

आता ठिणगी. गडगडाटाच्या शेवटच्या टप्प्यात हवा विद्युतभारित असते. जहाजही त्या हवेत तरंगत असताना त्याच भाराचं होतं, आणि ते जमिनीला टेकलेलं नसेपर्यंत त्यात काही धोका नाही. कोरडा दोर वीज नीट वाहून नेत नाही. भिजलेला नेतो. दोर जसजसे ओले होत गेले तसतसा जहाजाचा धातूचा सांगाडा दोरांवाटे जमिनीला जोडला गेला आणि त्याचा भार उतरला. पण बाहेरचं कापड सांगाड्याला थेट चिकटलेलं नव्हतं. ते लाकडी खुंट्या आणि दोऱ्यांनी, थोडी फट ठेवून ताणलेलं होतं, आणि स्वतः वीज चांगली वाहून नेणारं नव्हतं. त्याचा भार त्याच्यावरच राहिला. कापड एका विद्युतदाबावर, सांगाडा दुसऱ्या विद्युतदाबावर, मध्ये बोटभर फट, आणि त्या फटीत हायड्रोजन मिसळलेली हवा.

दोर खाली पडल्यापासून आग दिसेपर्यंत चार मिनिटं का गेली, याचं समाधानकारक उत्तर मला या मांडणीतच मिळतं. घातपाताच्या कल्पनेत ही चार मिनिटं योगायोग ठरतात. इथे ती दोर भिजायला लागणारा वेळ ठरतात.

जुलै १९३७मध्ये आलेल्या अमेरिकन अहवालाचा निष्कर्षही जवळपास हाच: बाहेर पडलेला हायड्रोजन हवेत मिसळला आणि बहुधा वातावरणातल्या विजेच्या विसर्जनाने पेटला. पुढे, १९९०च्या दशकात, आवरणाच्या रोगणामुळेच आग लागली असं एक मत पुढे आलं आणि गाजलं. कापड जळणारं होतं हे खरं. पण एवढं मोठं जहाज पाऊण मिनिटाच्या आत जाळायचं काम नुसतं कापड करू शकत नाही, हे त्या वेगाकडे पाहूनच पटतं.

थांबता आलं असतं का

माझं उत्तर हो असं आहे, आणि ते मी सहज देत नाही.

इंधनाची चणचण नव्हती. जहाज दुपारभर किनाऱ्यावर फिरतच होतं. विमानासारखी ‘आता उतरा नाहीतर पडा’ अशी वेळ आलेली नव्हती. झेपेलिनचा विमानांवरचा सगळ्यात मोठा वरचष्मा हाच होता: ते वाट पाहू शकतं. सात वाजून ९ मिनिटांनी माणसं जागेवर नव्हती तेव्हा, १७ मिनिटांनी वारा फिरला तेव्हा आणि १८ मिनिटांनी शेपूट उचलेना तेव्हा, तीनदा वर जाऊन अजून एक तास घालवायची सोय होती. तिन्ही वेळा उतरणं पुढे चालू राहिलं.

यात बेफिकिरी मला दिसत नाही. ज्या माणसाने दुपारी चारला वादळ पाहून पाठ फिरवली तो बेफिकीर नसतो. दिसतो तो बारा तासांच्या उशिराचा भार, सामान घेऊन खाली उभे असलेले प्रवासी, चिंब भिजून थांबलेली दोनशे माणसं आणि जाणत्या कमांडरचे एकामागून एक तीन संदेश. प्रत्येक संदेशाने ‘आता हरकत नाही’ची पातळी थोडी खाली आणली. एकेनर यांच्या म्हणण्यानुसार वळण फार तीव्र झालं असावं. प्रुस यांना ते मान्य नव्हतं, आणि नियंत्रण कक्षात जे नव्हते त्यांनी हा वाद निकाली काढू नये. पण वळण किती अंशांचं होतं याहून मला ते का घ्यावं लागलं हे महत्त्वाचं वाटतं. दुसरा फेरा मारायला दहा मिनिटं लागली असती. ती कुणाकडेच उरलेली नव्हती.

याला आधीचा एक संदर्भ आहे. मार्च १९३६मध्ये, जर्मनीतल्या सार्वमताच्या प्रचारासाठी हिंडेनबर्ग फिरवायचं होतं. त्या सकाळी वारा झोताचा होता, तरी लेमान यांनी जहाज बाहेर काढलं आणि निघताना खालची शेपूट जमिनीवर आपटून मोडली. एकेनर सगळ्यांसमोर त्यांच्यावर संतापले. असल्या वाऱ्यात जहाज काढायची गरजच काय होती, हा त्यांचा मुद्दा. त्याची शिक्षा मिळाली ती एकेनर यांनाच. गोबेल्स यांनी जर्मन वर्तमानपत्रांत त्यांचं नाव छापायला बंदी केली. हवामान पाहून ‘नको’ म्हणणाऱ्या माणसाची किंमत झेपेलिनच्या जगात तेव्हापासून घसरलेली होती, आणि लेकहर्स्टच्या संध्याकाळी नियंत्रण कक्षात एकेनर नव्हते, लेमान होते.

आपल्याकडचा एक धागाही इथे येऊन मिळतो. ब्रिटिशांनी आपल्या ‘आर १०१’ या वायुनौकेसाठी कराचीत भलंमोठं छप्पर बांधून ठेवलं होतं. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती. ४ ऑक्टोबर १९३०च्या संध्याकाळी हवामान बिघडत असताना, ठरलेली तारीख मोडायची नाही म्हणून ती नौका हिंदुस्थानकडे निघाली आणि रात्री फ्रान्समध्ये बोव्हेजवळ टेकडीवर कोसळली. ४८ जण गेले. कराचीचं छप्पर रिकामंच राहिलं. तिथेही वारा, पाऊस आणि ठरलेली तारीख.

नंतर

लेकहर्स्टला आग लागली तेव्हा ‘ग्राफ झेपेलिन’ ब्राझीलहून परतीच्या वाटेवर अटलांटिकवर होतं. कप्तान हान्स फोन शिलर यांना बिनतारी संदेश मिळाला. त्यांनी प्रवाशांना काही सांगितलं नाही, जहाज ८ मे रोजी जर्मनीत सुखरूप उतरवलं आणि मगच बातमी दिली. त्यानंतर कुठल्याही झेपेलिनने तिकीट काढलेले प्रवासी समुद्रापार नेले नाहीत.

हिंडेनबर्गचं जुळं भावंड, एलझेड १३०, फ्रीडरिक्सहाफेनच्या कारखान्यात आधीच आकाराला येत होतं. एकेनर हीलियम मागायला वॉशिंग्टनला गेले. अपघातानंतर अमेरिकेचं मन काही काळ वळलंही होतं, पण मार्च १९३८मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला आणि अंतर्गत खात्याचे मंत्री हॅरल्ड इकीस यांनी परवानगीवर सही करायला नकार दिला. शेवटी त्या जहाजातही हायड्रोजनच भरला. सप्टेंबर १९३८मध्ये ते उडालं. प्रवासी त्याने कधीच नेले नाहीत, आणि १९४०मध्ये धातूसाठी मोडून टाकलं गेलं.

ते बांधताना कारागिरांनी एक बदल केला होता. बाहेरचं कापड ज्या दोऱ्यांनी सांगाड्यावर आवळतात, त्या दोऱ्यांना त्यांनी ग्राफाइट चोळलं. ग्राफाइट वीज वाहून नेतं. आता कापडावरचा भार सांगाड्यात उतरणार होता, मध्ये फट असली तरी.